चाळिसावर बंद पडणारा फोन

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या कुठल्याही घरात प्लगचा बोर्ड कोणत्या भिंतीवर आहे, हे घरमालकाच्या आधी माझ्या सासऱ्यांना ठाऊक असतं. ते इलेक्ट्रिशियन नाहीत. आयुष्यभर नाचणगावात त्यांनी कापडाचं दुकान चालवलं. वय झालं तसं मेव्हण्याने दुकान बंद करून त्यांना इकडे आणलं, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. मेव्हणा आणि त्याची बायको सकाळी नोकरीवर गेले, की मामाजी, म्हणजे माझे सासरे, चार्जरची वायर उपरण्यासारखी गळ्यात टाकून बाहेर पडत.

कारण त्यांचा फोन. चाळिसाच्या खालचा आकडा त्या फोनने कित्येक दिवसांत पाहिलाच नव्हता. चाळीस टक्के आले की समोरच्याचं वाक्य अर्धं तोडून तो डोळे मिटायचा. म्हणून मामाजी फोन उचलल्यावर हॅलो म्हणत नसत. "पंचेचाळीसवर आहे, कामाचं बोल!" म्हणत. मे महिन्यात आमच्याकडे माणसंच तव्यावर पडल्यासारखी असतात, तिथे फोनची काय कथा! ते त्याला रुमालात बांधून माठाला टेकवून ठेवत, आणि कोणी पाणी घ्यायला गेलं की दटावत, "हळू घे बाप्पा, तो झोपून राह्यला."

नात्यातल्या एका साक्षगंधाला बोर्ड नेमका नवरदेवाच्या बापाच्या पाठीमागे निघाला. मामाजींनी त्यांना अदबीने उठवलं, पलीकडे बसवलं आणि फोन चार्जिंगला लावला. हा मुलीकडचा काही रिवाज असावा असं समजून त्या गृहस्थांनी आपल्या भावालाही उठवून पलीकडे बसवलं. पुढे अर्धा तास ती मंडळी भिंतीपासून चार हात दूर बसली होती, आणि भिंतीजवळ लोडाला टेकून एकटा फोन.

रविवारी पाळी आमची. आमच्या घरात त्यांना एकच प्लग मानवत असे, टीव्हीचा. मॅच ऐन रंगात आली की दारातून आवाज येई, "जवाईबापू, जरा लावून देजा. दहा मिनिटांत निघतो." ती दहा मिनिटं जेवण उरकून दुपारच्या चहापर्यंत चालत. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणत, "बॅटरी म्हातारी झाली ना. हळूहळू पाजा लागते. घाई केली तर ठसका लागते तिले." आणि पुन्हा कोणाच्या गुडघ्यावर कोणतं तेल चोळावं, कोणाच्या मुलीसाठी कुठलं स्थळ आहे, हे सुरू.

मग एक दिवस फोनचं मागचं झाकण पुरीसारखं टम्म फुगलं. फुगलेली बॅटरी धोक्याची असते, हे खरंच. पण मला जो आनंद झाला तो सासऱ्यांचा जीव वाचल्याचा नव्हता, रविवारची मॅच वाचल्याचा होता. त्याच संध्याकाळी मी वर्ध्याला जाऊन नवी बॅटरी टाकून आणली आणि मामाजींच्या हातात फोन देतानाचा माझाच फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. असा जावई मिळायला भाग्य लागतं, असंही कोणीतरी लिहिलं.

"आता दिवसभर चालते, मामाजी," मी म्हणालो.

"दिवसभर?" त्यांनी विचारलं. फोन उलटा करून पाहत पुन्हा विचारलं, "दिवसभर?" मी मूर्ख. मला ते कौतुक वाटलं.

पुढचे काही रविवार मी मॅच शेवटच्या चेंडूपर्यंत पाहिली. मग कोपऱ्यावरच्या बाईंनी मला रस्त्यात अडवलं. "काऊन हो, काकाजींची तब्येत बरी नाई काय? येऊनच नाई राह्यले."

"त्यांच्या फोनची बॅटरी बदलून दिली मी," मी ऐटीत सांगितलं.

"मंग? बॅटरी बदलली म्हणून माणूस याचं बंद करते काय?"

त्यांचं ते वाक्य घेऊनच मी घराकडे निघालो. आमच्या या वस्तीत आम्ही शेजाऱ्याला त्याच्या गाडीवरून ओळखतो. नाचणगावात मामाजींच्या दुकानात दिवसभर माणसं येत, कोणी सदऱ्याचं कापड घ्यायला, कोणी नुसतंच गादीवर टेकायला. इथे त्यांच्याकडे कोण येणार? आणि बिनकामाचं उठून कोणाच्या घरी जाऊन बसणं त्या जुन्या दुकानदाराला जमणारं नव्हतं. जायला काम लागतं. ते काम मी काढून घेतलं होतं आणि वर फोटोही टाकला होता. घरी येऊन मी तो फोटो ग्रुपवरून काढून टाकायला गेलो, तर त्याखाली आणखी दोघांनी हात जोडले होते.

रविवारी आपणच त्यांना आणायला जावं असं ठरवून मी चपला घालत होतो, तोच मामाजी दारात. गळ्यात वायर. भर दुपारचं ऊन, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशातून उजेड येत होता. फोनची टॉर्च चालू होती. किती वेळ ठेवली होती कोण जाणे.

"जवाईबापू," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "ही नवी बॅटरीही काई खरी नाई. उतरली पाहा."

मी फोन घेतला. एकाहत्तर टक्के होते. एरवी हा किस्सा मी गावभर केला असता. त्या दिवशी मान वर होईना.

"आजकालचा मालच तसा, मामाजी," मी टॉर्च बंद करत म्हणालो. "बसा. हिला वेळ लागेल."

"दहा मिनिटांत निघतो."

"जेवल्याशिवाय कसे निघता?"

ते पाय वर घेऊन सोफ्यावर बसले आणि कोपऱ्यावरच्या बाईंचा गुडघा कसा आहे ते विचारू लागले. मी टीव्ही बोर्डावरूनच बंद केला, त्याची पिन काढली, त्यांचा चार्जर लावला. बोर्डाचं बटण मात्र पुन्हा दाबलं नाही. दाबलं असतं, तर ती नवी बॅटरी जेवणाआधीच भरली असती.