सत्तावीस नंबर आणि चाळीस मैल

वकिलाच्या ऑफिसात तीस वर्षं मुन्शीगिरी केली की माणसापाशी दोन गोष्टी साठतात. एक कंबरदुखी आणि दुसरे किस्से. कंबरेला तेल तरी लावता येतं, किस्से मात्र कोणाला ऐकवल्याशिवाय उतरत नाहीत. खुनाचे आणि शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, किस्से सगळेच मुन्शी सांगतात. मला गोडी भरधाव गाड्यांच्या चालानांची. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात तेव्हा गाड्या बोटावर मोजण्याइतक्या होत्या, पण आमचे शुक्ला हवालदार एकटे शंभराला भारी!

त्यांची पद्धत साधी होती. गोंदिया रोडवर फर्लांगाचे दोन दगड. पहिल्या दगडापाशी झाडाआड एक शिपाई. समोरून गाडी गेली की तो लाल रुमाल हलवणार, आणि दुसऱ्या दगडापाशी शुक्लाजी मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजणार. तेवढ्यावरून वेग काढायचा आणि चालान फाडायचं.

आमच्या वकीलसाहेबांनी एकदा त्यांना कोर्टात धरलं. "हवालदार, तुमचं घड्याळ बरोबर चालतं, याला पुरावा काय?"

शुक्लाजी ताठ उभे राहिले. "ससुरजी ने शादी में दिया है, हुजूर. घर में आज तक किसी ने इस पर उंगली नहीं उठाई!"

साहेब खाली बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "मुन्शीजी, यापुढे घड्याळावर बोलायचं नाही. त्यांचा सासरा मध्ये आला की आपण हरलो."

*

भरवेलीच्या खाणीत गणपत नावाचा क्लार्क होता. त्यानं नवी मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी शुक्लाजींच्या दगडांमधून वाऱ्यासारखा निघाला. शुक्लाजी एका ट्रकमध्ये बसून मागे. गणपत थेट राजेगावच्या पुढे, राज्याची हद्द ओलांडून उभा राहिला आणि तिकडून ओरडला, "आता पकडा! तुमचा एमपी तिकडेच राह्यला!"

शुक्लाजी इकडच्या बाजूला एका झाडाखाली बसले, डबा उघडला आणि म्हणाले, "खाना खाने घर तो इधर ही आओगे, बेटा."

दोन तास गणपत महाराष्ट्रात उभा. घरी त्या दिवशी मटण शिजलेलं. शेवटी गाडी ढकलत तो स्वतःच आला. "द्या चालान, पण लवकर द्या. मटनाची भाजी थंडी होऊन राह्यली."

सोमवारी आमच्याकडे हजर. "साहेब, मले केस लढाची हाये!"

"लढू की," साहेब म्हणाले. "तू पळालास, हे पाहिलेला कोणी साक्षीदार आहे?"

"आहेत ना! दोन्ही राज्यातले!"

साहेबांनी त्याला शांतपणे दंड भरून यायला सांगितलं.

*

मग मैल जाऊन किलोमीटर आले. वेशीवरच्या वेगमर्यादेच्या पाटीवर तीसचा आकडा तोच राहिला, पण आता तो किलोमीटरचा. आमच्या शाळेचे बिसेन गुरुजी जुन्या मोटारसायकलवर मीटरचा काटा बरोबर तीसवर ठेवून आले आणि पकडले गेले. त्यांचा मीटर मैलांचा!

गुरुजी हट्टाला पेटले. वकील नको म्हणाले, स्वतःच उभे राहिले. "सरकारनं पाटी बदलली. माझा मीटर बदलून दिला का?"

मुद्दा बिनतोड होता. मॅजिस्ट्रेटसाहेबांनाही पटल्यासारखं दिसलं. त्यांनी सहज विचारलं, "गुरुजी, आप पढ़ाते क्या हैं?"

"गणित."

तेवढ्यात कागद पुढे सरकवणारा पेशकार हळूच म्हणाला, "हुजूर, मील का किलोमीटर नहीं आया, इसलिए इन्होंने मुझे दिनभर बेंच पर खड़ा किया था."

दंड झाला. गुरुजींनी तो भरला आणि जाता जाता पेशकाराला विचारलं, "आता येतं का?"

किलोमीटर आले खरे, पण आमच्या तोंडी मैलच राहिले. गाड्यांच्या मीटरवरही तेच. म्हणून पुढचा हिशेब मैलांतच ऐका.

*

दादाराव मेश्राम बालाघाट ते गोंदिया सत्तावीस नंबरची प्रायव्हेट बस चालवायचा. पंचवीस मैलांना अडीच तास लागायचे. दोष गाडीचा निम्मा आणि दादारावच्या स्वभावाचा निम्मा. कोणी हात दाखवला की थांब. कोणाची छत्री घरी राहिली की थांब. पण कपडे इस्त्रीचे, आणि गाडीचं बोनेट रोज स्वतःच्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसणार.

एक दिवस हा चालान घेऊन आमच्या ऑफिसात आला. चेहरा नुसता फुललेला.

"मुन्शीजी, चाळीस मैल लिवलं त्याईनं! सरकारी कागदावर! सत्तावीस नंबर, चाळीस मैल!"

बसस्टँडवर सगळ्यांनी त्याला चहा पाजला होता म्हणे. मी म्हणालो, "मग भर दंड आणि कागद फ्रेम कर."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिशातून दुसरा कागद काढला. सरकारी बसवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती. एकच अट, लायसन साफ पाहिजे.

"शेरा बसला त नोकरी गेली, मुन्शीजी. अकरा वर्षं वाट पाह्यली. घरची रोज विचारून राह्यली, कधी जाता म्हणून."

वकीलसाहेबांनी दोन्ही कागद वाचले. "लढायचं. ही गाडी चाळीस मैलांनी पळूच शकत नाही, एवढं दाखवलं की सुटलास."

दादाराव घुटमळला. "साहेब, खरं सांगू का? त्या दिवशी उतार होता, अन्..."

"नको सांगूस!"

"पण थे गाडी पळते, साहेब. मनात आणलं त पळते."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "मुन्शीजी, याला चहा पाजा. आणि तारखेपर्यंत याचं तोंड बंद ठेवा."

*

साक्षीदार शोधावे लागले नाहीत. अर्धी बस आपणहून कोर्टात आली.

पहिली राजेगावची काशीबाई, भाजी विकणारी. साहेबांनी विचारलं, "बाई, गाडी कशी चालते?"

"चालते कुठी, बाप्पा? आम्ही बसून राह्यतो अन् गाव जवळ येते."

मग बिसेन गुरुजी. "मी या बसमध्ये वह्या तपासतो. आजवर लाल पेन्सिलीची एक रेघ वाकडी गेली नाही."

मग आमचा गणपत. "माही मोटारसायकल बंद पडली होती. मी ढकलत नेऊन राह्यलो होतो. सत्तावीस नंबर मागून आली, अन् राजेगावपर्यंत आम्ही गोष्टी करत गेलो."

कोर्ट हसत होतं. दादाराव मात्र आरोपीच्या कठड्यात दर साक्षीला थोडा थोडा लहान होत होता. हे सगळे आपला दिवस मोडून त्याच्यासाठी आले होते, आणि जो तो त्याच्या गाडीची अब्रू काढून त्याला वाचवत होता. मला त्याची फार दया आली. शेवटी त्याला राहवलं नाही. "हुजूर, इतकीही नाही बरं!"

वकीलसाहेबांना एकदम मोठा खोकला आला.

मॅजिस्ट्रेटसाहेब हसू दाबत म्हणाले, "अदालत ख़ुद बैठकर देखेगी. शनिवार सुबह."

*

शनिवारी सकाळी मॅजिस्ट्रेटसाहेब, शुक्लाजी, वकीलसाहेब आणि मी, सगळे सत्तावीस नंबरमध्ये बसलो. वकीलसाहेबांनी दादारावचा हात धरला. "पोराबाळांची शपथ आहे तुला. पाय दाबायचा नाही."

दादारावनं पाय दाबला नाही. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवून आम्हाला मागे टाकलं. दादारावचे कान लाल झाले, पण तो समोर बघत राहिला. पुढे काशीबाईनं हात दाखवला. सवयीनं गाडी थांबली. तिनं वांग्यांची टोपली आत ढकलली ती थेट मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या मांडीवर. "धर बावा जरासक, मी चढतो."

आणि साहेबांनी धरली! चार मैलांना पाऊण तास लागला. उतरताना कोटावरची माती झटकत ते म्हणाले, "फ़ैसला सोमवार को."

वकीलसाहेब मला म्हणाले, "जिंकलो."

*

त्याच शनिवारी दुपारी मी गोंदियाला बहिणीकडे जायला म्हणून सत्तावीस नंबरमध्ये येऊन बसलो. गुरुजीही होते, वह्यांसकट. गाडी सुटायच्या बेतात होती आणि मॅजिस्ट्रेटसाहेब धापा टाकत आले. मागे त्यांची बॅग घेऊन शुक्लाजीही चढले आणि मागच्या सीटवर बसले. साहेब पुढच्या सीटवर बसले. हातात तार होती.

पेशकार खिडकीपाशी येऊन मला म्हणाला की साहेबांची मुलगी नागपूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात आहे. तब्येत बरी नाही, ताबडतोब या, असा निरोप होता. गोंदियाला जाणारी छोट्या लाइनची रेल्वे केव्हाच निघून गेली होती. सरकारी जीप दौऱ्यावर. नागपूरची गाडी गोंदियाहून सुटायला एक तास उरला होता.

दादारावनं हे सगळं ऐकलं.

साहेब त्याला म्हणणार तरी काय? आरोपीला कसं सांगायचं की बाबा, जोरात घे! ते घड्याळ बघायचे, बाहेर बघायचे, पुन्हा घड्याळ बघायचे.

दादाराव माझ्याकडे वळला. आवाज अगदी खाली. "मुन्शीजी, काय करू?"

हळू गेला तर नोकरी पक्की. जोरात गेला तर निकाल देणारा माणूस बाजूलाच बसलेला. तीस वर्षांत मी हजार अशिलांना सल्ला दिला असेल, पण त्या वेळी मी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

दादारावनं दुपट्ट्यानं हात पुसले आणि मागे वळून ओरडला, "घट्ट धरून बसा सारे! आज कोणासाठीच थांबत नाही!"

गुरुजींनी वह्या बांधल्या.

मित्रांनो, ती गाडी पळाली! खिडक्या वाजत होत्या, वरच्या टपावरची गाठोडी नाचत होती आणि दादाराव स्टिअरिंगवर वाकून गाडीला "चाल माय, चाल माय" म्हणत होता. फर्लांगाचा पहिला दगड आला. झाडाआडच्या शिपायानं नेहमीप्रमाणे लाल रुमाल हलवला. मी मागे वळून शुक्लाजींकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावरच्या घड्याळावर घट्ट होता.

राजेगावला काशीबाई रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात दाखवला. आम्ही गेलो. तिचा हात तसाच वर राहिला.

गोंदियाला पोचलो तेव्हा नागपूरची गाडी प्लॅटफॉर्मवर उभी होती. मॅजिस्ट्रेटसाहेब उतरले, दादारावकडे एकदा बघितलं आणि पळत सुटले. दादाराव मग खाली उतरला आणि बोनेट पुसायला लागला.

"गेली नोकरी," तो म्हणाला. "पण पाह्यलं ना, मुन्शीजी? पळते."

*

सोमवारी कोर्ट भरलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांचे डोळे जागरणानं तांबारलेले, पण टेबलावर नागपूरच्या पेढ्यांचा खोका होता. तो बघून मला हायसं वाटलं. दादाराव इस्त्रीच्या कपड्यात कठड्यात उभा. कठड्याबाहेर त्याची बायको.

निकाल हिंदीत होता, मी मराठीत सांगतो. "न्यायालयाने सदर बसमधून स्वतः प्रवास केला आहे. ही बस ताशी चाळीस मैल वेगाने धावू शकते, यावर विश्वास ठेवणे न्यायालयास शक्य नाही. आरोपी निर्दोष."

दादारावनं तोंड उघडलं. वकीलसाहेबांनी त्याचा पाय दाबला.

मग मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून हवालदाराकडे बघितलं. "शुक्ला, तुम भी गाड़ी में थे. तुम्हें कुछ कहना है?"

शुक्लाजी ताठ उभे राहिले. मनगट कानाला लावलं, नीट ऐकलं आणि म्हणाले, "घड़ी बंद है, हुजूर. शनिवार से."