डाव्या हाताची भाकरी

भाकरी करपल्याचा वास आला की आईचा डावा हात आठवतो. लकव्याने उजवा गेल्यावर ती डाव्यानेच थापायला बसली. पहिली भातुकलीतल्या भाकरीएवढी झाली, तीही तव्यावर टाकताना फाटली. घरभर धूर, सांडलेलं पीठ, त्यात माझी ऑफिसची वेळ; मी वैतागायचो. “आई, भाकरीला बाई लावू. एवढीशी कुणी खायची?” “कावून वरडतूस? उद्या जरा मोठी हुईल.” भाकरी हळूहळू वाढत गेली आणि मी कटकट करत करपलेलं खात राहिलो. एका सकाळी ताटाएवढी भाकरी टम्म फुगली. आईने ती माझ्या पुढ्यात टाकली. “घे, आता वरड.” आई गेल्यापासून त्याच तव्यावर मी भाकरी करतो. आजचीही फाटली. धुरात एकटाच चडफडलो आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं.