हर्मेलिंदाचा काढा

हर्मेलिंदा सिनुइरी तोंडाची फटकळ, पण पोटात गोष्ट ठेवावी तर तिनंच. पेरू देशातल्या उकायाली नदीकाठच्या त्या शिपिबो आदिवासींच्या गावात मनाच्या दुखण्यावरचा वेलीचा काढा तीच देई. काढा प्यालेला माणूस अंधारात काय काय बोलून जातो, ते तिनं नवऱ्यालाही कधी कळू दिलं नाही.

विल्डर काउपेरच्या होडीतून त्याचा धाकटा भाऊ पडला आणि बुडाला. विल्डरनं अंथरूण धरलं. जेवण नाही, बोलणं नाही. एकदा तर आईनंच त्याला नदीतून ओढून काढलं. ही आई, आउरिस्तेला, म्हणजे हर्मेलिंदाची लहानपणापासूनची मैत्रीण.

"एवढा माझा पोर वाचव गं," तिनं पाय धरले.

हर्मेलिंदानं त्याला काढा दिला, रात्र रात्र उशाशी बसून गाणी गायली. त्याचं पथ्य स्वतःही पाळलं. मीठ नाही, मिरची नाही, नुसती उकडलेली केळी. कोण करतं हो एवढं? पोरगा आधी रडला, मग झोपला, मग जेवला. पुढं तर होडी घेऊन मासे धरायला जाऊ लागला.

आणि आता तोच विल्डर चर्चमध्ये पास्टर! येशूनं मला बरं केलं, म्हणतो. म्हणू दे बापडा, हर्मेलिंदाचं त्याला काही म्हणणं नव्हतं. पण नदीच्या खालच्या अंगाला कुणा भोंदूनं पाहुण्या पोरीला कसलासा काढा पाजला आणि ती दगावली. झालं! गावात सभा बसली. काढा बंद करायचा, आणि जी देईल तिनं गाव सोडायचं, असा ठराव आला.

"या काढ्यानं बरं झालेलं कुणी असेल तर उभं राहा," गावप्रमुख रोलिन म्हणाला.

विल्डर उभा राहिला. हर्मेलिंदाच्या जिवात जीव आला.

"मी त्या बाईच्या घरी कधी पाऊल टाकलं नाही," विल्डर म्हणाला. "सैतानाचं पाणी आहे ते."

"मावशी, खरं का हे?" रोलिननं हर्मेलिंदाला विचारलं.

भाऊ बुडाला त्या दिवशी आपण दारू पिऊन होडी चालवत होतो, हे विल्डरनं तिच्यापाशी कबूल केलं होतं. तेवढं बोलली असती तर सभा त्याच्यावर उलटली असती. ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

"त्याच्या आईला विचारा," ती म्हणाली.

आउरिस्तेलानं मान खाली घातली आणि बंदीच्या बाजूनं हात वर केला. परके करतील ते करतील, पण हिनं? बहुमतानं बंदी लागू झाली.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी आउरिस्तेला माशांची टोपली घेऊन हर्मेलिंदाकडे घरामागून आली.

"विल्डर पुन्हा झोपत नाही गं. उठून नदीकडे जातो. अंधार पडला की मागनं घेऊन येऊ का?"

"आण की. पण पुढनं आण. दिवसाउजेडी, सगळ्या गावादेखत."

"लोक काय म्हणतील?"

"मग लोकांनाच सांग त्याला झोपवायला."

आउरिस्तेलानं टोपली उचलली आणि आली तशी मागनंच गेली.