पाचव्या जहाजातली मर्ल

मर्ल स्टबिंग्जला जन्मभर एकाच बाईचा हेवा वाटला आणि तो लपवणं तिला कधी जमलं नाही. हेस्टर पिल्बीमचं नुसतं नाव निघालं तरी तिची मान खालून वर लाल होत जायची. आम्ही दोघी ॲडिंग्टनच्या एकाच गल्लीत वाढलो, एकाच मोजे-बनियनच्या गिरणीत कामाला लागलो, त्यामुळे ती लाल मान मी जितकी पाहिली तितकी तिच्या आईनेही पाहिली नसेल.

हेस्टर श्रीमंत होती असं मुळीच समजू नका. तिचा नवरा नळ दुरुस्त करायचा आणि जाताना मागे अवजारांची पेटी तेवढी ठेवून गेला. रूप बेताचं, हातचा केक कोरडा ठाक. पण तिचे पणजोबा इंग्लंडहून गाव वसवायला आलेल्या पहिल्या चार जहाजांपैकी एकातून उतरले होते, आणि न्यूझीलंडातल्या आमच्या क्राइस्टचर्चमध्ये माणसाला पगार विचारत नाहीत, जहाज विचारतात. मर्लचे पणजोबा पाचव्या जहाजाने आले. जेमतेम दोन महिने उशिरा. समुद्र तोच, उलट्या त्याच, बंदरामागचा उभा डोंगरही तोच, पाठीवर बोचकी घेऊन चढले बिचारे. पण पाचवं ते पाचवंच. माझं म्हणाल तर माझे आजोबा कितव्या जहाजातून आले हे त्यांनाच आठवत नव्हतं, बहुधा वाटभर प्यायलेले होते. म्हणून मला हे दुखणं जडलं नाही. आणि जी माओरी माणसं या सगळ्या जहाजांच्या आधीपासून इथे होती, ती तर या मोजदादीत कुठेच नव्हती. त्यांना कुणी चहाला बोलावल्याचं मी तरी ऐकलं नाही.

शाळेत दर डिसेंबरला, जहाजं किनाऱ्याला लागली तो दिवस जवळ आला, की बाई सांगायच्या, "चार जहाजांची मुलं उभी राहा." हेस्टर दोन्ही वेण्या पुढे घेऊन उभी राहायची. एका वर्षी मर्लही उभी राहिली. बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"स्टबिंग्ज, खाली बस. तुमचं जहाज अजून समुद्रात आहे."

सगळा वर्ग खिदळला. त्या दिवशी घरी जाताना मर्लने हेस्टरच्या दप्तरात मूठभर चिखल भरला.

मोठेपणी दप्तराच्या जागी किटली आली. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दरवर्षी जहाजांच्या दिवसाचा चहा व्हायचा. लांब टेबलाच्या टोकाला एक बाई टोपी घालून बसायची आणि चांदीचा मुलामा दिलेल्या भल्यामोठ्या किटलीतून प्रत्येकाला चहा ओतून द्यायची. ती बाई चार जहाजांतलीच लागायची. बाकीच्या आम्ही आत स्वयंपाकघरात, एप्रन बांधून. सँडविचच्या कडा काप, कप विसळ, मधल्या खिडकीतून ताटल्या पुढे सरकव. हळूहळू चार जहाजांची घराणी चांगल्या वस्त्यांत राहायला गेली, एकदोन पार संपली, आणि आमच्या वस्तीत किटली धरायला हेस्टर एकटी उरली.

मर्लचा स्पंज केक टेबलावरून सगळ्यात आधी संपायचा. "वा! हा कुणी केला?" असं कुणी विचारलं, की हेस्टर मान जराशी कलती करून म्हणायची, "आतल्या बायकांनी."

मर्ल खिडकीला कान लावूनच असायची. "ऐकलंस, फ्लॉसी? आतल्या बायका! माझं नाव घेतलं तर जीभ झडेल का हिची? आणि बसलीय कशी बघ, राणीची मावशी असल्यासारखी. किटली काय हिच्या बापाने आणलीय?"

"पणजोबांनी," मी म्हणायचे.

"तू गप गं. कप पूस."

मला हसू यायचं, पण खरं सांगते, तिचं जळणं बघवत नसे. हेस्टरच्या टोपीवर नवी फीत दिसली की मर्ल दोन दिवस जेवायची नाही. स्वतःच्या आयुष्यात काही वाईट नव्हतं हो. लग्न केलं नव्हतं, पण घर होतं, हाताला काम होतं, वाटाण्याच्या फुलांचे वेल सगळ्या गल्लीत तिचेच उंच. पण ती वेलांना पाणी घालतानाही पलीकडे हेस्टरचे किती वाढले ते पाहायची.

पन्नाशी उलटल्यावर तिने जे केलं त्याने मात्र आम्ही सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. हेस्टरचा धाकटा भाऊ विल्फ रेल्वेच्या कारखान्यात होता. अविवाहित, अबोल, मागच्या अंगणात कोंबड्या पाळायचा. मर्ल त्या कोंबड्यांसाठी भाजीची सालं घेऊन जायला लागली. आधी अधूनमधून, मग रोज. एक दिवस कुंपणाशी उभी राहून तिने सरळच विचारलं, "विल्फ, तुला एकटं राहायचा कंटाळा नाही येत?"

"कोंबड्या आहेत की," विल्फ म्हणाला.

"कोंबड्या स्पंज केक करतात का?"

विल्फने थोडा विचार केला, आणि ईस्टरनंतर त्यांचं लग्न झालं. लग्नात हेस्टर पुढच्या बाकावर अशी बसली होती, जणू कुणाला पुरायला आली आहे. केक कापताना विल्फ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मला ठाऊक आहे, फ्लॉसी. हिने माझ्याशी नाही, जहाजाशी लग्न केलंय. असू दे. केक चांगला आहे."

नोव्हेंबरात चहाच्या तयारीची बैठक भरली. पाद्रीबाबा मध्ये, आम्ही बायका भोवती, विल्फ दाराशी टोपी हातात घेऊन. मर्ल उठली. लाल मान लपवायला गळ्याशी रुमाल बांधून आली होती.

"यंदा किटली मी धरणार," ती म्हणाली. "मी आता चार जहाजांच्या घरातली सून आहे. हेस्टरने पुष्कळ वर्षं ओतला चहा. आता भावजयीला दे म्हणावं."

हेस्टरने हातमोज्याचं एकेक बोट नीट केलं. "लग्नाने आडनाव बदलतं, मर्ल. जहाज नाही बदलत. हे रक्ताचं असतं."

मर्ल उभीच राहिली. शाळेतल्या त्या दिवशी दिसली होती तशी दिसत होती, आणि मला हेस्टरचा असा राग आला की हातातल्या शिवणाची सुई मी माझ्याच बोटात टोचून घेतली. या वयात, नवरा करून, सगळ्या वस्तीसमोर तोंड उघडून पुन्हा खाली बसायचं, म्हणजे काय झालं? आता ती बसली असती तर परत त्या हॉलमध्ये पाऊल टाकायला तिला जागा उरली नसती.

तेवढ्यात दाराशी विल्फ खाकरला.

"ताई, रक्ताचंच म्हणतेस ना?"

"हो. रक्ताचंच."

"मग मी ओततो."

"काय ओततोस?"

"चहा. रक्त माझंही तेच आहे. टोपी घालून बसेन. हातमोजे लागतील का गं?"

पाद्रीबाबांनी रुमाल तोंडाला लावला. बायकांचे खांदे हलायला लागले. चार जहाजांच्या चहाला पुरुषाने किटली धरायची, तीसुद्धा नखांत इंजिनाचं काळं तेल असलेल्या विल्फने! हेस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. ती भावाकडे पाहत राहिली, आणि विल्फ थट्टा करत नाहीये हे तिला माझ्याइतकंच कळलं. तो थट्टा करायचाच नाही कधी.

"तिलाच बसू दे," हेस्टर शेवटी म्हणाली. "टोपी तरी बरी घालील."

चहाच्या दिवशी मर्लने निळी टोपी घातली होती. किटली दोन्ही हातांनी उचलून तिने पहिला कप भरला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी ताटल्या घेऊन आतबाहेर करत होते, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. लोक ओळीने यायचे. मर्ल विचारायची, "दूध? साखर?" ते कप घ्यायचे, "आभारी आहे" म्हणायचे आणि आपापल्या माणसांत जाऊन बसायचे. मागे ओळ असल्यामुळे तिच्याशी बोलायला कुणी थांबत नव्हतं. टेबलाच्या त्या टोकाला दुसरी खुर्चीच नसते, हे तोवर माझ्याही लक्षात आलं नव्हतं. स्पंज केक संपला. कुणी विचारलं, "हा कुणी केला?" मर्लने तोंड उघडलं, तोवर विचारणारी बाई पुढे गेली होती.

आणि तेव्हा स्वयंपाकघरात मोठा हशा पिकला.

मर्लचा हात थबकला. "फ्लॉसी, आत काय चाललंय?"

"मला काय ठाऊक? मी तर इथेच आहे."

"हेस्टर आहे ना आत?"

हेस्टर आत होती. जन्मात पहिल्यांदा एप्रन बांधून, बाह्या दुमडून कप धूत होती, आणि विल्फ तिच्या शेजारी उभा राहून ते पुसत होता. पुन्हा हशा झाला. या वेळी विल्फचाही आवाज त्यात होता. मर्लची मान लाल झाली, निळ्या टोपीखाली तर जास्तच.

किटली रिकामी झाली. ती भरून आणायचं काम आतल्या बाईचं, ओतणारीने जागा सोडायची नाही अशी रीत. पण मर्ल ती उचलून स्वतःच तरातरा स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग.

"कशाचं हसू आलं एवढं?" तिने दारातूनच विचारलं. "मला पण सांगा की."

"काही नाही गं," हेस्टर म्हणाली. "आमचं आपलं आतल्या बायकांचं." तिने किटली घेतली, भरली, झाकण बसवलं आणि परत मर्लच्या हातात दिली. "जा. लोक खोळंबलेत."

मर्लने विल्फकडे पाहिलं. विल्फ कप पुसत राहिला. ती गेली, आणि खिडकीतून मला ती पुन्हा त्या खुर्चीवर ताठ बसलेली दिसली.

"कशाला हसत होतात गं?" मी हळूच विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हेस्टरने ओले हात एप्रनला पुसले.

"आता पुन्हा," ती म्हणाली. "हसा. जरा मोठ्याने."

आम्ही हसलो. मीही हसले. हेस्टर मात्र हसली नाही. ती खिडकीतून किटलीकडे बघत होती आणि तिची मान खालून वर लाल होत चालली होती.