हेर हुबर तोंड का उघडत नव्हते

फोन वृद्धांच्या शुश्रूषागृहातून होता. एक पेशंट तीन आठवडे नीट जेवत नाहीयेत, कोणी येऊन तोंड बघेल का, असं तिथल्या नर्स फ्राऊ ब्रेम, म्हणजे ब्रेमबाई, विचारत होत्या. रिसेप्शनिस्टनं फोन हातात धरूनच मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी मान हलवली. येता येणार नाही, पेशंटला इकडे आणा म्हणावं.

पेशंट होते हेर, म्हणजे श्रीयुत, हुबर. वय अठ्ठ्याऐंशी, जन्मभर सुतारकाम केलेले. स्मृतिभ्रंशामुळे बोलणं बंद झालेलं, कुशीवर वळायलाही दोन माणसं लागायची. त्यांना इकडे आणा.

आमचं प्राक्सिस, म्हणजे दातांचा दवाखाना, जर्मनीतल्या एर्लांगेन शहरापासून रीजनल ट्रेननं अर्ध्या तासावरच्या गावात आहे. चाळीसेक वर्षं ते डॉ. हॉलिस यांचं होतं. पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी ते दवाखान्यांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीला दिलं आणि स्वतः आठवड्यातून दोन दिवस येऊ लागले. कंपनीनं पाठवलेले मॅनेजर हेर लेन्झ आधी जिम चालवायचे. माणसाला दात किती असतात, हे त्यांना विचारायची माझी फार इच्छा होती. आल्या आल्या त्यांनी पहिलं काय केलं, तर शुश्रूषागृहाच्या भेटी बंद केल्या. तिथे एक म्हातारा तपासायला जातो तेवढ्या वेळात खुर्चीवर चार पेशंट होतात, हा त्यांचा हिशोब. याला ते 'वर्कफ्लो' म्हणत.

त्या दिवशी मी तिथेच उभी होते. बीडीएस सांगलीत केलेली, मग इथे पुन्हा परीक्षा देऊन परवाना मिळवलेली डॉक्टर. पण माझा प्रोबेत्साइट चालू होता. प्रोबेत्साइट म्हणजे पहिले सहा महिने, ज्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं. मी हातातला एक्स-रे मन लावून बघत राहिले. एक्स-रेमध्ये काहीही नव्हतं.

डॉ. हॉलिस आतल्या खोलीत हात धूत होते. त्यांनी ऐकलं, बाहेर आले आणि रिसेप्शनिस्टच्या हातातून फोन घेऊन एवढंच म्हणाले, की जेवणाच्या सुट्टीत येतो. लेन्झनी इन्शुरन्स, प्रोटोकॉल वगैरे सुरू केलं. डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बॅग भरायला गेले. मीही कोट चढवला. शौर्य वगैरे काही नाही, एक्स-रेची लाज वाटत होती.

गाडीत त्यांनी विचारलं, "नर्स नक्की काय म्हणाली?"

रिसेप्शनिस्टकडून कळलेलं मी सांगितलं. घास पुढे केला की तोंड मिटतात, जबरदस्ती केली तर चावतात. फॅमिली डॉक्टर म्हणाले, आजार शेवटच्या टप्प्यात आहे. आता पोटात नळी घालून अन्न द्यायचं का, हे मुलीला ठरवायचंय.

"आणि तोंडात कोणी बघितलं?"

कोणीही नाही. चावतात ना.

मग त्यांनी घोड्यांची गोष्ट काढली. डॉक्टर मूळचे अमेरिकेतले, मोंटानातल्या रँचवर वाढलेले. रँच म्हणजे नजर पोचेल तिथवर कुरण आणि शेकडो गुरं. घोड्याची दाढ झिजताना तिला एका बाजूनं धार येते, ती गालाला, जिभेला कापते, आणि घोडं चारा सोडतं. त्यांचे वडील मोठी कानस घेऊन ती धार घासून काढायचे. दुसऱ्या दिवशी घोडं खायला लागायचं. "घोड्याला शेवटचा टप्पा आलाय, असं आमच्याकडे कोणी लगेच म्हणायचं नाही," ते म्हणाले. "घोडा महाग होता."

एकोणिसाव्या वर्षी ते व्हिएतनामच्या युद्धात मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा सैनिक, म्हणून गेले, तिथून त्यांची बदली जर्मनीत झाली. इथल्याच मुलीशी लग्न केलं, इथेच डेंटिस्ट झाले. युद्धाबद्दल ते बोलत नसत. लेन्झना मात्र वेबसाइटवर त्यांचा काउबॉय हॅटमधला फोटो आणि खाली 'युद्धवीर' असं हवं होतं. हॅटही मागवून झाली होती. डॉक्टरांनी ती बघितली आणि सांगितलं, की रँचवर असली हॅट घालून गेलो असतो तर गुरं हसली असती.

शुश्रूषागृहात हेर हुबरांची मुलगी खाटेशी बसली होती. नळीचे कागद तिच्या मांडीवर होते, सही व्हायची होती. डॉक्टरांनी आधी तिची परवानगी घेतली. मग अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस गुडघे मोडून खाटेशेजारी बसला, म्हणजे पेशंटला वर बघावं लागू नये. गावच्या फ्रँकिश बोलीत ते लाकडाबद्दल बोलायला लागले. ओक चांगलं की बीच, असलं काहीतरी. बोलता बोलता गालावरून हात फिरवत राहिले. दहा मिनिटं गेली असतील. हुबरांचा जबडा सैल पडला. मी टॉर्च धरला.

खालची डावी दाढ तुटलेली होती. उरलेल्या भागाची कड काचेसारखी, आणि तिच्याशेजारी जिभेला खोल जखम. प्रत्येक घासाला जीभ कापली जात होती. माणूस तोंड उघडत नव्हता, कारण त्याला अक्कल शिल्लक होती.

बधिर करणारं जेल लावलं. बॅटरीवरच्या लहान मशीननं डॉक्टरांनी ती कड गोल केली. काम पाच मिनिटांचं. दोन आठवड्यांत जखम भरली नाही तर कॅन्सरची तपासणी करायची, हेही त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितलं.

मुलीनं कागदांची घडी केली. "मी उद्या सही करणार होते," ती म्हणाली.

परतताना मी डॉक्टरांना म्हटलं, मी सकाळी गप्प राहिले. त्यांनी समजूत काढली नाही. म्हणाले, "युद्धात पहिली गोष्ट शिकलो. ओरडणाऱ्याला श्वास असतो. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. तुम्ही सगळे दिवसभर ओरडणाऱ्यांकडे धावता." मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

चौथ्या दिवशी फ्राऊ ब्रेमनी कळवलं, की हुबरांनी रव्याची खीर वाटीभर खाल्ली आणि आणखी मागितली, म्हणजे चमचा धरून ठेवला. जखम भरली. नळी लागली नाही. पुढे ते वर्षभराहून जास्त जगले आणि झोपेत गेले.

लेन्झनी आम्हा दोघांकडून लेखी खुलासा मागवला. डॉक्टरांनी एका ओळीत लिहिलं: पेशंटला दात होते. मी अख्खं पान लिहिलं आणि शेवटी, दर बुधवारी शुश्रूषागृहाच्या भेटी मी पुन्हा सुरू करतेय, असंही टाकलं. बडतर्फीची वाट बघत बसले. तेवढ्यात हुबरांच्या मुलीचं कौतुकाचं पत्र थेट कंपनीच्या मुख्य ऑफिसात पोचलं. पुढच्या आठवड्यात वेबसाइटवर झळकलं: ज्येष्ठांची सेवा, आमचा जिव्हाळ्याचा विषय. कल्पना, अर्थातच, हेर लेन्झ यांची.

डॉक्टर आता ऐंशीचे आहेत आणि पूर्ण निवृत्त. लेन्झना बढती मिळाली, ते आता अकरा दवाखाने बघतात. माझी नोकरी टिकली. तेव्हा धडा घ्यायचाच तर एवढा, की मूर्खपणानं कोणाची नोकरी जात नाही, आणि शहाणपणानंही आपल्याला वाटतं तितक्या सहज जात नाही. मी ते सहा महिने उगाच घाबरून काढले.