सुमनचं दुखणं ताईला

मागच्या आठवड्यात शुक्रवार पेठेतल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी ताईच्या सासूवर संशय घेत होते.

ताईचं पहिलं बाळंतपण, म्हणजे आमच्याकडं, माहेरी. मी बदामीला भटकत होते, फोन आला तशी बस पकडून आले. (बदामीवर लिहायला बसले तर ताई राहूनच जाईल.)

आईचं बीपी वाढलेलं, म्हणून ती घरी. आत एकाच बाईला सोडत होते, तर मावशी गेली... तिला अनुभव दांडगा, गल्लीतल्या निम्म्या बाळंतपणांना हजर.

ताई आतून ओरडली की मी बाकावरून उठायचे.

तेवढ्यात बार्शीहून सासू हजर, हातात डबा. सासरचे तर बाळ झाल्यावर येतात ना? ही आधीच कशी? मुलगा की मुलगी ते बघायला?

"आत कोण हाय?"

"मावशी."

"लई बोलती का गं ती?"

हिला काय करायचंय! मी दारापाशीच जाऊन उभी राहिले.

नर्सनं कोमट पाणी मागितलं, म्हणून आत गेले. उशाशी मावशी रंगात आलेली... "ही तर सुरुवात हाय. आमच्या गल्लीतल्या सुमनचं असंच अडलं, मग कापलंच की!" ताईच्या मुठी आवळलेल्या, खांदे कानाला लागलेले. पुढची कळ यायच्या आधीच ती रडत होती.

"मावशी, काका शोधतायत तुला," मी ठोकून दिलं. काका अक्कलकोटला होते.

ती बाहेर गेली तशी ताई म्हणाली, "आत्यांना पाठव." सासूला ती आत्या म्हणते. मी परत विचारलं... कोणाला?

आत्या आत आल्या. ताईला उठवलं, स्वतःच्या खांद्यावर टेकवलं आणि कंबर चोळत राहिल्या. कळ आली की "सोड श्वास," एवढंच.

मी बाहेर येऊन बसले, तसा आतला आवाज बदलला. किंकाळ्या थांबल्या, लांब हुंकार यायला लागला. मला परत संशय... नर्सला गाठलं, "इंजेक्शन दिलं का हो?"

"काही नाही दिलं. कळा उलट वाढल्यात. घाबरणं कमी झालंय तिचं."

दुपारी मुलगी झाली. आत्यांनी पहिल्यांदा ताईलाच विचारलं, "पानी पिती का?" डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी. म्हणजे माझ्यासाठी.

नंतर ताईला विचारलं, खरंच कमी दुखलं? म्हणाली, "लई दुखलं गं. पण आत्या आल्यावर नुसतं माझंच दुखत होतं... सुमनचं नाही."

संशय घेणं मी सोडलेलं नाही. फक्त आता बाळंतिणीच्या उशाशी कोण बसलंय, काय बोलतंय, त्यावर घेते.

काल शेजारची दिवस भरत आलेली सून बाळ बघायला आली. मावशी लगेच तिच्याकडं सरकली, "आमच्या हिचं काय सांगू बाई..."

मी तोंड उघडायच्या आत लंगोटाच्या घड्या घालता घालता आत्या म्हणाल्या, "विहीणबाई, पाव्हणं शोधायलेत तुमाला."

काका अजून अक्कलकोटलाच आहेत... थँक्यू आत्या.