देवतळे काकांच्या पोटातला पंप

वेदनेचा दवाखाना म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे दिवसभर नुसतं कण्हणं ऐकू येत असेल. कण्हणं असतंच. पण बाकीच्या दवाखान्यांत रिपोर्ट साचतात, तसे भिलाईतल्या आमच्या नेहरू नगरच्या दोन खोल्यांत किस्सेही साचतात. त्यांना फाईल नसते, म्हणून कोणी भेटलं की मी सांगत सुटते. त्यातले निम्मे एकट्या देवतळे काकांचे!

काका इथल्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, पंप हाऊसमधून निवृत्त झालेले. मूळचे वर्ध्याकडचे. कर्करोग कमरेच्या हाडांत पसरला होता. मॉर्फीनच्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, पण काका दिवसभर गुंगीत असायचे. गोळी कमी केली की ओरडायचे.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर बाई, घरात माणूस आहे, पण बोलाले कोणी नाही. मले ह्यायले बरं करून नको देऊ. बोलतं करून दे."

बरं करणं माझ्या हातात नव्हतंच. बोलतं करणं कदाचित होतं.

*

मी परदेशात शिकून नुकतीच परतले होते. आपल्या भिलाईत कोणी वेदनेत मरता कामा नये, हे मी चहा पितानाही सांगायचे. त्याच जोरात काकांना पंप समजावून सांगितला.

"बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा असतो. पोटाच्या कातडीखाली बसवतात. त्यातून बारीक नळी पाठीच्या कण्यात जाते. गोळीचं औषध सगळ्या अंगात फिरतं, डोक्यात गुंगी आणतं. पंप तेच औषध अगदी कणाकणाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतो. वेदनेचा निरोप तिथेच अडतो. एवढंसं औषध पुरतं, म्हणून माणूस जागा राहतो."

काकांनी अर्धवट डोळे उघडले. "स्टँडबाय कुठी आहे?"

"म्हणजे?"

"बेटा, एक पंप चालू असला की दुसरा तयार ठेवा लागते. हा बंद पडला तर?"

शिकताना हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. मी म्हटलं, "बंद पडला तर तो स्वतः बीप बीप वाजतो. मग मी येते."

काका काकूंकडे वळले. "घे. स्टँडबाय ही पोरगी आहे!"

*

ऑपरेशन नागपूरला झालं. औषध भरायला मात्र ते महिन्या-दीड महिन्याने आमच्याकडे यायचे. कातडीवरून सुई पंपाच्या तोंडात घालायची, जुनं उरलेलं औषध काढायचं, नवं भरायचं. डोस बदलायचा तर पोटावर नुसतं एक यंत्र धरायचं.

पहिल्याच खेपेला काकू एकट्या आत आल्या. दार लावून घेतलं.

"डॉक्टर बाई, डोस थोडा वाढवता येते का?"

मी घाबरले. "का? दुखतंय का परत?"

"नाही वं. सकाळपासून बोलूनच राहिले. एकोणऐंशी सालचा पंप काहून जळला, ते मले चारदा सांगून झालं!"

*

मित्राच्या निरोप समारंभाला काका प्लांटमध्ये गेले. निघताना गेटवर तपासणीचं यंत्र पोटापाशी वाजलं.

जवान म्हणाला, "चाचा, अंदर क्या है?"

"पंप है."

"प्लांट का?"

"नहीं बेटा, अपना है. प्लांट का निकालता, तो इससे बड़ा निकालता!"

*

मी काकांना घरी बघायला गेले, तेव्हा काकूंचे भाऊ कुम्हारीहून आले होते. मॉर्फीन म्हटल्यावर भडकले. "भाऊजीले अफीम देऊन राहिले तुम्ही! आदत लागून जाईन."

मला तेवढंच हवं होतं. मी कागदावर पाठीचा कणा काढला, वेदनेचा मार्ग काढला, डोस आणि व्यसन यातला फरक सांगितला. घसा कोरडा पडला. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ते ठीक आहे. पण लागली आदत, तर सुटन कवा?"

पलंगावरून काका म्हणाले, "मी सुटीन तवा."

भाऊ नंतर बराच वेळ त्यांचे पाय चेपत बसले.

*

विश्वकर्मा पूजेच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन. "उद्या पंप बंद करून द्या. एकच दिवस."

"काकू! बंद कशाला?"

"यंत्राची पूजा असते ना. त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. पाप लागते."

मी हादरले. औषध एकदम थांबलं तर दुखणं उसळेल, अंग थरथरेल, जिवावर बेतेल, असं सगळं भराभर सांगितलं. काकूंना पटेना. मागून काकांचा आवाज आला.

"अवं, फर्नेस कधी बंद करतेत का पूजेले? चालत्या फर्नेसलेच हार घालतेत!"

पुढच्या खेपेला आमच्या साहू सिस्टरने सुईसाठी काकांचा सदरा वर केला, तर पंपावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. काकूंनी रोजच पूजा सुरू केली होती. पोट निर्जंतुक केल्याशिवाय सुई घालता येत नाही.

"मॅडम, पोछूँ क्या?"

मी मान हलवली. सिस्टरने आधी हात जोडले, मग पुसलं.

*

थंडीत दुखणं पंपाच्या पुढे गेलं. आता डोस वाढवला की झोप येणार, नाही वाढवला की वेदना. काकू म्हणाल्या, "वाढवा. मी पोटभर ऐकलं त्यायचं." काका म्हणाले, "नको. अजून बोलाचं आहे." मी एवढं शिकून आलेली, मला दोघांचंही खरं वाटत होतं.

शेवटी रोजचा डोस तेवढाच ठेवला आणि एक छोटा रिमोट दिला. बटण दाबलं की पंप ठरवून दिलेला जास्तीचा डोस सोडतो. त्याहून जास्त तो देतच नाही, म्हणून भीती नाही. दुखणं थांबेल, पण नंतर काही तास झोप लागेल, हे दोघांना सांगितलं. बटण कधी दाबायचं, ते काकांनी ठरवायचं.

काकांनी रिमोट उलटसुलट पाहिला आणि काकूंच्या हातात दिला. "तुह्यं बोलणं झालं, की दाब."

काका फेब्रुवारीत गेले. तेरावा झाल्यावर काकू रिमोट परत करायला आल्या. मी विचारलं, "शेवटी त्रास झाला का हो?"

"गेले त्या दिवशी दुपारी लय दुखून राहिलं होतं. मी रिमोट हातात घेतला. म्हणाले, थांब, काही विचाराचं असन तर विचारून घे पहिले. मंग म्या विचारलं, संध्याकाळी भाजी कोणती करू?"

"काय म्हणाले?"

काकूंनी रिमोट टेबलावर ठेवला.

"म्हणाले, कर काही बी. मंग दाबलं."